काठावरची ओंजळ

एका राज्यात एक तळं होतं. गावात कोणी वारलं की घरचं माणूस घाटावर उतरे आणि त्याच्या नावानं ओंजळभर पाणी सोडी. जाणारा ते पिऊन पुढच्या वाटेला लागे. मग कर्कटक नावाचा मांत्रिक आला. त्यानं राजा मेघवर्म्याला लोखंडाचं सोनं करून दाखवलं आणि बदल्यात तळ्याचा काठ मागितला. राजानं तो देऊन टाकला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला त्याचं काय जात होतं!

कर्कटकानं एका मंत्रात काठाभोवती तट उभा केला. त्याच्या भट्ट्यांची राख पाण्यात पडू लागली. पाणी काळं झालं, मासे उलटे तरंगले, तेच पाणी विहिरींत झिरपून पोरांच्या अंगावर फोड उठले. त्या दिवसापासून जो मरे, तो पक्षी होऊन तटावर तहानलेला बसून राही.

नावाडी सिदोजीही त्यातच गेला. तो पाणकावळा होऊन आला, पण तटावर बसला नाही, बायकोच्या उजव्या खांद्यावर बसला. "दुर्पदे, तहान लागलीय," एवढंच तो म्हणे. विहिरीचं पाणी त्याच्या चोचीत टिकेना. दुर्पदेला त्याचा भार हवासा होता. काठ मोकळा झाला तर तो पाणी पिऊन जाईल, हे ती पुरतं जाणून होती. तरी त्याची तडफड तिला बघवेना. ती दरबारात गेली.

"महाराज, तळ्याचा काठ मोकळा करा. तो सगळ्यांचा आहे."

"साक्षीदार आण," राजा म्हणाला. "एक खोटं न बोलणारा, एक कोणाला न भिणारा, आणि एक माझ्या घरातला."

कर्कटक गालातल्या गालात हसला.

दुर्पदा दारोदार फिरली. आधी लोकांनी दारं लावून घेतली. मांत्रिकाशी वैर कोण घेणार? मग पोरांचे फोड आठवून एकेक जण पहार घेऊन बाहेर पडला. तटाच्या बुडाशी खणून त्यांनी घाटाची जुनी पायरी काढली आणि दरबारात आणून ठेवली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी ती मधोमध झिजली होती. पायरी खोटं बोलत नाही, हे राजालाही मानावं लागलं.

दुसरा साक्षीदार खांद्यावरच होता. "काठ सगळ्यांचा," सिदोजी म्हणाला. "मांत्रिका, मेलेल्याला तू आणखी काय मारणार?"

"आणि माझ्या घरातला?" राजानं विचारलं.

राजवाड्याच्या छपरावर एक वाळका बगळा रोज येऊन बसे आणि पहारेकरी त्याला गोफणीनं हाकलत. दुर्पदेनं अंगणात जाऊन हात पुढे केला. मोडका पंख ओढत बगळा त्यावर उतरला. ती त्याला सिंहासनासमोर घेऊन आली.

"मेघा," बगळा म्हणाला. राजाला या नावानं हाक मारणारा एकच माणूस होता, आणि गादी मुलाला देऊन तो तट उभा राहिल्यावर मरून गेला होता. "सोन्याच्या वाटीतून सोडलेलं तुझं पाणी माझ्यापर्यंत आलंच नाही."

राजा सिंहासनावरून उठला. "बाबा, काठ कोणाचा?"

"माझा नव्हता. मग तुझा कुठून होईल?"

राजानं दिलेला शब्द मागे घेतला. तत्क्षणी तट वाळू होऊन ढासळला, सोन्याचं पुन्हा लोखंड झालं आणि कर्कटक खेकडा होऊन आपल्याच राखेच्या चिखलात शिरला.

राजा अनवाणी घाटावर उतरला. बगळा पाणी प्याला आणि दिसेनासा झाला. मागोमाग सारा गाव उतरला. एकेक पक्षी पिऊन गेला, तसतसं पाणी निवळत गेलं. शेवटी काठाशी एक काळा पट्टा तेवढा उरला, आणि सिदोजी उरला.

"आजचा दिवस राहता का?" दुर्पदेनं विचारलं.

"दुर्पदे, तहान लागलीय."

तिनं ओंजळ भरली. तो खूप वेळ पीत राहिला. मग तिचा खांदा हलका झाला, आणि ती घाटावर बसून ओक्साबोक्शी रडली.

त्या तळ्याला पुन्हा कधी कोणी भिंत घातली नाही. पोरं त्यात डुंबतात, बाया पाणी भरतात. दुर्पदा मात्र घागर डाव्याच खांद्यावर घेते. उजवा ती मोकळा ठेवते.