दाराजवळची मानाची जागा

फार फार पूर्वी, बर्फाळ डोंगरावरच्या एका खुराड्यात रिवाज होता: ज्याचा तुरा मोठा, त्याची जागा आत, उबेला. गाठोडी नावाच्या कोंबडीचा तुरा जेमतेम वाटाण्याएवढा, म्हणून ती दाराच्या फटीपाशी बसे. "जिला धड तुरा नाही, तिला कसला आलाय मान!" म्हणत कोंबडा तिला येता-जाता टोचायचा.

त्या हिवाळ्यात कोंबड्याच्या उंच तुऱ्याचं टोक गारठून काळं पडलं. बाकीच्या कोंबड्यांनी अंडी घालणं थांबवलं. गाठोडी मात्र दाट पिसं फुगवून फटीतला वारा अडवायची, आणि दिवसाआड अंडंही द्यायची.

एका सकाळी ती दाणे टिपत बाहेरच रमली. बोचरा वारा थेट आत घुसला, तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं, ऊब कुणामुळे होती. ती परतताच कोंबडा गोड आवाजात म्हणाला, "या गाठोडीबाई! आजपासून दाराची जागा मानाची. तिथे तुम्हीच बसायचं."

गाठोडीच्या अंगाचा तिळपापड झाला. "फट तीच, वारा तोच, बसणारीही मीच. मग मान आज कुठून उगवला?"

ती तरातरा आत गेली आणि कोंबड्याच्या जागेवर ऐसपैस बसली. "मानाची जागा आहे ना, कोंबडेराव? मग तो मान आज तुम्ही घ्या."