मुक्या कड्याखालची घोंगडी

गोव्यात आलेली माणसे समुद्राकडे धावतात. त्यातली थोडी शहाणी माणसे एक दिवस डोंगराकडे वळतात. सकाळी संग्रहालय, मग पडका किल्ला, दुपारी धबधबा असा त्यांचा बेत असतो, आणि परतीच्या वाटेवर गाडी पोफळवाडीच्या खिंडीशी येऊन थांबते. तिथे त्यांना बाबलो गावकर भेटतात. वय झाले तरी काठी त्यांना लागते ती फक्त वर दाखवायला.

वर मुका कडा आहे. काळा, सरळसोट, आणि त्याच्या कपाळाखाली ओळीने लटकलेली आग्या मोहोळे, एकेक सुपाएवढे. कोणीतरी हमखास विचारते, मध विकत मिळेल का? बाबलो हसतात. "मध बाजारात मिळतो, बाबांनो. हिथे आवाज खाली करायचा, येवढेच."

शिगम्यात, म्हणजे गोव्याच्या शिमग्यात, सातेरी देवीची पालखी या खिंडीतून जाते. गावभर दणाणणारा ढोल कड्याखाली आला की थांबतो आणि त्याच्यावर एक जुनी, काळी घोंगडी घालतात. देवीवर नाही, ढोलावर. असे का, ते बाबलो सांगतात.

फार पूर्वी म्हणे पोफळवाडी कोणाला ठाऊकच नव्हती. रान दाट, वाट एकच, तीही या खिंडीतून. घाटावरून लुटारू उतरत, खालची गावे जाळून जात, पण पोफळवाडी त्यांना सापडत नसे. गावात सोयरू नावाचा ढोलवाला होता. त्याचा हात असा, की ढोल वाजू लागला की म्हातारीकोतारीही पाय आपटत. पलीकडच्या डोंगराने साद दिल्याखेरीज त्याचे समाधान होत नसे. त्याची बायको शेवंती त्याला म्हणे, "अवो, देवी जवळच आहे. येवढ्या मोठ्याने कोणाला आयकवता?" तोंडाने ती चिडवी, पण नवऱ्याचा ढोल घुमला की तिचाच ऊर भरून येई.

एका वर्षी शिगम्यात तो ढोल घाटावर ऐकू गेला.

रान राखणारा गुराखी धापा टाकत आला. लुटारू ढोलाच्या रोखाने उतरत होते, घोडी खिंडीच्या पलीकडच्या तोंडाशी पोचली होती. पोरेबाळे, म्हातारी घेऊन बायका पोफळीच्या बागेत शिरल्या, पण बागेतून पुढे वाट नव्हती. सोयरू अंगणात उभा होता. त्याचा चेहरा शेवंतीने तसा कधी पाहिला नव्हता. त्याने ढोल गळ्यात घातला.

"माझ्या ढोलाने त्यांना वाट दाखवली," तो म्हणाला. "आता तोच वाट अडवील."

कड्याखालून जाताना गावचे माणूस खोकलासुद्धा दाबून धरी, कारण मोहोळ उठले तर मरण ठरलेले, हे तान्ह्या पोरालाही माहीत होते. म्हणून सोयरू काय करणार ते शेवंतीला न सांगता कळले. पाहुण्यांतला एखादा इथे विचारतो, दगड का नाही मारला? बाबलो काठी वर करतात. गोफणीचा दगडही तिथवर पोचत नाही. तिथवर फक्त सोयरूचा ढोल पोचत होता.

शेवंती घरात धावली. माहेरून आलेली घोंगडी घेऊन तिने त्याला आंब्याखाली गाठले. "ही तरी घ्या अंगावर."

"घोंगडीत हात अडकतात गो. वाजवू कसा?" तो म्हणाला. "तू घे. पोरांना घेऊन खाली बस."

तिने त्याला अडवले नाही. अडवावे असे तिला फार वाटले, पण बागेतून तिचीच पोरे रडताना ऐकू येत होती.

लुटारू खिंडीत पुरते शिरेपर्यंत सोयरू कपारीत दडून राहिला. मग पाठ कातळाला लावून त्याने पहिली थाप मारली. कडा घुमला. आकाश काळे झाले, असे सांगतात. घोडी उधळली, माणसे शस्त्रे टाकून ओढ्यात पडली, जी वाचली ती पुन्हा या बाजूला फिरकली नाहीत. बागेत घोंगडीखाली पोरांना कवटाळून बसलेली शेवंती फक्त ढोल ऐकत होती. ढोल चालू आहे तोवर तो आहे, एवढेच तिला कळत होते. मग ढोल थांबला.

गाव खिंडीपाशी गेले, पण पुढे व्हायची कोणाची छाती होईना. सोयरू कातळाला टेकून बसला होता, ढोल वाजवायचे टिपरू हातातच. ढोलाच्या कातड्यावर माश्यांचा थर बसला होता. शेवंती एकटी पुढे गेली. तिने घोंगडी उलगडली आणि नवऱ्यावर न घालता ढोलावर घातली.

लोकांना ते विपरीत वाटले. कोणीतरी तसे बोललेही. ती म्हणाली, "त्यांना आता काय चावणार? ढोल अजून वाजतोय." तिने तळहात घोंगडीवर ठेवला. खाली माश्यांच्या गुणगुणीने कातडे थरथरत होते. ती हलक्या आवाजात ढोलाला म्हणाली, "झाले काम. घरी चल." तेव्हा माश्या घोंगडीच्या कडेखालून एकेक निघाल्या आणि वर आपल्या जागी गेल्या. तिला एकही डसली नाही, म्हणे.

त्या ढोलाचे लाकडी खोड पाहुण्यांनी सकाळी संग्रहालयात काचेआड पाहिलेले असते. तिथल्या साहेबांनी घोंगडीही मागितली होती. गावाने खोड दिले, घोंगडी दिली नाही. ती कामात आहे, असे सांगितले. ती विरत चालली, की सोयरूच्या घरात नवी आलेली सून तिच्यात लोकरीचा एक धागा भरते.

आजही शिगम्यात पालखी खिंडीत थांबते. ढोल नवा असतो, घोंगडी शेवंतीची. त्या घरची सून पुढे होऊन तिच्यावर तळहात ठेवते. कोणी बोलत नाही, पोरेही नाही. वर मोहोळे गुणगुणत असतात आणि घोंगडीखाली, कोणी न वाजवता, ढोलाचे कातडे थरथरत असते. सून मागे वळते आणि गावाला दरवर्षी एवढेच सांगते, "वाजतोय."