शिंगटीचा सण

धरणं बोलत असत तेव्हाची गोष्ट. एक धरण खालच्या नदीत रोज सारखंच, नितळ पाणी सोडायचं. "ना पूर, ना टंचाई!" असा त्याचा तोरा. खाली शिंगटी मावशी या मिशाळ मासोळीचं पोट अंड्यांनी टम्म फुगलेलं. पण गढूळ पूर आल्याशिवाय ती अंडी घालणार कशी? आणखी चार दिवसांत अंडी पोटातच जिरली असती.

मावशी भिंतीपाशी जाऊन कडाडली, "धरणदादा, रोज वरणभात वाढतोस, पण सण कधी करायचा?"

धरण वरमलं. त्यानं सगळे दरवाजे उघडले. तळचा गाळ घेऊन लाल पाणी उसळलं आणि मावशी नाचतच काठच्या गवतात शिरली.

आठवड्यानं हजारो पिल्लं भिंतीशी दंगा करू लागली. धरणानं हळूच विचारलं, "मावशी, पुढचा सण कधी?"