दप्तरातली केळी

“...मग नियम मोठा की नवस?”

सोमगिरी बुवा शिंदीचा झाडू बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण विचारतंय?”

“मीच.”

“ते कळलं. पायरीवर बसताना म्हणालात, मी बी.एस्सी. झालेय, शाळेत शिकवते. मग म्हणालात, मी जुईची आई. दोघींतली कोण?”

खरं तर बी.एस्सी.चं मी त्यांना दोनदा सांगितलं होतं.

आंबेखिंडीच्या टेकडीवर मारुतीचं देऊळ आहे, त्याला लागून बुवांचा मठ. खाली पहिल्या पायरीशी नगरपरिषदेची पाटी: वानरांना खाऊ घालण्यास मनाई, दंड होईल. घराघरांतून भाकरीच्या दुरड्या पळायला लागल्या तेव्हा लागलेली. पाटीखाली खुर्ची टाकून शिपाई शेडगे बसतात आणि वर जाणाऱ्यांच्या पिशव्या बघतात.

“नवस काय बोललात?” बुवांनी विचारलं.

“श्रावणात जुईचा ताप नऊ दिवस उतरेना. तेव्हा बोलले, अकरा शनिवार मारुतीच्या वानरांचं पोट भरीन.”

“किती झाले?”

“सात.”

“पाटी लागल्यावर?”

“...सातही.”

“शेडगे आंधळा झाला काय?”

मी जुईकडे पाहिलं. चार वर्षांची पोर, मांडीवर निळं दप्तर घट्ट धरून बसलेली. मनगटावर ओरखडा, खपली धरलेला.

“ते लहान मुलांची दप्तरं बघत नाहीत,” मी म्हणाले.

बुवांचा हात थांबला.

“बुधवारी शाळेच्या फाटकात हुप्प्या आला,” मी घाईनं सांगू लागले. हुप्प्या म्हणजे देवळाजवळच्या वानरटोळीचा मुख्य नर. “तीस मुलं होती. त्यानं हिचंच दप्तर ओढलं. हिचंच का, बुवा? देवाची वानरं, आणि मी तर त्यांना...”

बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं.

“सगळ्या गावानं बंद केलं,” बुवा म्हणाले. “एकच दुकान चालू होतं. पोरीच्या पाठीवर.”

“मग आता नवस मोडू? आणि ताप उलटला तर?”

बुवा उठले. जुईसमोर उकिडवे बसले.

“बाईसाहेब, दप्तर देता का जरा?”

जुईनं माझ्याकडे पाहिलं आणि दिलं. बुवांनी ते उलटं करून ओसरीवर झटकलं. खडू, रुमाल, पाण्याची बाटली, अर्धा खोडरबर. आणि त्या शनिवारची चार केळी. ती त्यांनी उचलून आत नेऊन ठेवली, दाराला कडी घातली. रिकामं दप्तर तोंड उघडं करून ओसरीच्या खुंटीला लटकवलं. मग जुईला आपल्या मागे घेऊन, हातात काठी धरून बसले.

हुप्प्या कौलांवरून उतरला. दप्तरात हात घातला. काढला, हुंगला. पुन्हा घातला, खांद्यापर्यंत. मग दप्तर खुंटीवरून ओढून पायरीवर आपटलं आणि दात दाखवले.

मी मागे सरकले. जुई मात्र खुदकन हसली.

“पुढच्या शनिवारी या,” बुवा म्हणाले. “दप्तर रिकामं आणा.”

“आणि नवस?”

ते झाडू बांधायला बसले.

नवव्या शनिवारी जुईचं कपाळ कोमट होतं. डॉक्टर म्हणाले, साधी सर्दी. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, आणि माझ्या पर्सच्या तळाशी एक केळंही ठेवलं.

वर पोहोचलो. दप्तर खुंटीला लागलं. वानरं आली, ओळीनं बसली.

बुवा म्हणाले, “आज दप्तराकडे कुणी बघत नाही.”

“सुधारली बहुतेक.”

“सगळी तुमच्याकडे बघतायत.”

मी मुकाट्यानं पर्स उघडली.

बुवांनी केळं घेतलं आणि जुईला आतल्या खोलीत नेलं. “इथं खा. दार लावून.” बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

“औषध दिलंत?”

“दिलं.”

“मग केळं कशाचं?”

माझ्या वर्गात कुणी असं गप्प बसलं असतं, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

सर्दी मंगळवारी गेली. दहाव्या शनिवारी हुप्प्यानं दप्तरात एकदाच डोकावलं आणि पाठ फिरवून बसला.

अकराव्या शनिवारी पायथ्याशी बुवा स्वतः उभे होते. त्यांनी दप्तर जुईच्या पाठीवर चढवलं.

“बाईसाहेब, पुढं व्हा. आई मागून येईल.”

“बुवा, एकटी नको...”

“दहा पायऱ्या मागून.”

एकशेचाळीस पायऱ्या आहेत. मी प्रत्येक मोजली. नव्वदाव्या पायरीवर टोळी बसली होती, दोन्ही कठड्यांवर, मधोमध हुप्प्या. जुई थांबली. मी धावणार, तोच बुवांची काठी माझ्यासमोर आडवी झाली.

जुईनं दोन्ही हात पुढे केले. तळवे उघडे, बोटं फाकलेली. मग पाठ वळवून दप्तरही दाखवलं.

हुप्प्यानं तळव्यांकडे पाहिलं. दप्तराकडे पाहिलं. आळस दिला. आणि बाजूला सरकला.

माझी पोर त्याच्या शेपटीवरून पाय उचलून, अलगद, वर गेली. शेवटच्या पायरीवरून उडी मारून तिनं देवळाची घंटा गाठली आणि अशी बडवली, की खाली शेडगे खुर्चीतून उठून उभे राहिले.

मी वर पोहोचले तेव्हा मला हसू आवरत नव्हतं.

“पोरगी जिंकली, बुवा,” मी म्हणाले.

“हं.”

“पण... माझे चार शनिवार राहिलेच. पोट भरीन म्हणाले होते. उपाशी ठेवलं मी त्यांना.”

बुवांनी काठीनं देवळामागे दाखवलं. तिथला उंबर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लाल झाला होता. सगळी टोळी आता त्यावर चढली होती. हुप्प्या दोन्ही हातांनी फळं तोंडात कोंबत होता, गाल टम्म फुगले होते. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

बुवांनी माझ्या खांद्याला हलकेच काठी लावली.

“जेवणाऱ्याच्या ताटाकडे बघू नये, बाई. चला.”