दिगूनाना मुलगी दाखवायला इराणला जातात

आडगावात दिगूनाना नावाचे एक भोळे गृहस्थ होते. सांगितलेले ऐकावे, एवढेच त्यांना ठाऊक. गावाला त्याचा उपद्रव नव्हता, कारण गावात त्यांना कोणी काही सांगत नसे.

त्यांची मुलगी वसुधा इराणात, इस्फहानला शिकायला गेली आणि तिथल्या बहरामशी लग्न करायचे म्हणू लागली. बहरामचे वडील होशंगसाहेब म्हणाले, "आधी मुलीच्या वडिलांना भेटू, मग ठरवू."

नाना गेले.

"एकच दिवस आहे, नाना," वसुधा म्हणाली. "सांभाळून घ्या."

सकाळी होशंगसाहेबांच्या बैठकीत नानांनी गालिच्याची तारीफ केली. होशंगसाहेब छातीवर हात ठेवून म्हणाले, "तुमचाच आहे." वसुधाने ते मराठीत सांगितले. नानांनी गालिचा गुंडाळून खांद्यावर घेतला. त्यावर बहरामची आई बसली होती. तिला आधी उठायला सांगितले. तेवढा पोच त्यांना होता.

"अहो नाना, असं म्हणायची इथे रीत आहे! आपण तीनदा नको म्हणायचं."

"मग आधी सांगायचंस की."

दुपारी सगळे जुनी बाग पाहायला गेले. मंडपाचे खांब एका नजरेत मावावेत म्हणून नाना मागे मागे सरकत होते. रखवालदार ओरडला.

"नाना, थांबा म्हणतोय तो! मागे हौद आहे!"

"नको," नाना विनयाने म्हणाले.

"अहो, थांबा!"

"नको."

तिसरा नको हौदातून आला.

होशंगसाहेबांनी त्यांना ओढून काढले. वसुधा रडकुंडीला आली. "नाना, कोणी काळजीनं सांगितलं, की पहिल्यांदाच ऐकायचं. तीनदा वगैरे काही नाही."

"सकाळी वेगळं होतं," नाना म्हणाले.

संध्याकाळी घरी होशंगसाहेबांनी त्यांना आपला कोरडा सदरा दिला, केशरी भात वाढला. बहरामच्या आईने वसुधाला जवळ बसवून घेतले. सगळे जमत आले होते. नाना तेवढे कडेला अंग चोरून बसले होते. होशंगसाहेब काळजीने म्हणाले, "संकोच करू नका. हे घर तुमचंच समजा."

वसुधाने ते मराठीत सांगितले.

नानांनी पहिल्यांदाच ऐकले. घर आपले, म्हणजे ही मंडळी मुलगी पाहायला आलेली. ते उठले. होशंगसाहेब, त्यांची पत्नी आणि बहराम यांच्या हातांत एकेक डाळिंब ठेवले, तिघांना दाराबाहेर पोचवले आणि हात जोडले.

"मुलगी पाहिलीत. आता घरी जा, विचार करा, सावकाश कळवा. घाई नाही."

आणि आतून कडी लावून घेतली.