मडमेला हवा मोर

साहेबाच्या मडमेला महाराजांचा लाडका मोर हवा होता! साहेबाला दुखवावं कसं, आणि मोर द्यावा तरी कसा? महाराज तडक वाड्यातल्या इंग्रजीच्या वर्गात आले.

"मास्तर, साहेबाला पत्र लिहा! त्यात 'नाही' हा शब्द नको, अक्षरही खोटं नको. तरी 'मोर नको' असं साहेबानंच कळवलं पाहिजे! जमलं नाही तर उद्यापासून वर्ग बंद!"

गुंडोपंत मास्तरांनी घाम पुसत तीन पानं लिहिली. एकेक शब्द असा लांबलचक, की वाचता वाचता महाराजांना धाप लागली.

"अहो, यात मोर कुठे आहे?"

"तिसऱ्या पानावर, सरकार!"

महाराजांनी कागद भिरकावले. तेव्हा मागच्या बाकावरची ठकू माळीण उठली. बागेचं काम उरकून ती रोज वर्गाला यायची आणि वाक्यं आखूड लिहिते म्हणून मास्तरांची बोलणी खायची. काही झालं तरी वर्ग बंद होऊ द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"सरकार, मी लिहू?"

"तू? लिही!"

ठकूनं पाचच ओळी लिहिल्या आणि मराठीत सांगितल्या : 'मोर आपलाच समजा. पहाटे चारला तो गाऊ लागतो, ते थेट उजाडेपर्यंत. गुलाबाच्या कोवळ्या कळ्या त्याला फार आवडतात. बसायला त्याला निजायच्या खोलीचं छप्पर लागतं. कधी पाठवू?'

मास्तर उसळले, "छे! यात एकसुद्धा अलंकार नाही!"

"अलंकार मोराच्या अंगावर आहेत की, मास्तर!"

पत्र गेलं. तिसऱ्या दिवशी साहेबाचं उत्तर आलं : 'आभारी आहोत, पण मोर कृपया आपल्याकडेच ठेवावा!'

महाराजांनी ठकूला बोलावलं. "अगं, मास्तरांना तीन पानांत जमलं नाही, ते तुला पाच ओळींत कसं जमलं?"

"सरकार, मी साहेबाच्या बंगल्यावर फुलं पोचवते. मडम नऊशिवाय उठत नाही, आणि विलायतेहून आणलेल्या गुलाबांना कुणाला हात लावू देत नाही. मास्तरांनी पत्र लिहिलं साहेबाला. मी लिहिलं मडमेला!"

महाराज पोट धरधरून हसले. इतके, की बाहेरचे पहारेकरी आत धावले. महाराजांनी ठकूला भरजरी लुगडं दिलं, दरबारच्या इंग्रजी पत्रांचं काम दिलं, आणि मास्तरांकडे वळून म्हणाले, "उद्यापासून वर्ग एकाऐवजी दोन तास! आणि मास्तर, मागच्या बाकावर तुम्ही बसा!"