बटणावरचं बोट

येवल्यात एकदा एक म्हातारा नक्षीकार छाती पुढं काढून आपल्या शिष्येला म्हणाला, "पन्नास वर्षांत माझी एकही नक्षी वाया गेली नाही." मग स्वतःच डोळे मिचकावून, "म्हणजे एक उंदरानं खाल्ली, अन् एकीवर मी भेळ खाल्ली. बाकी सगळ्या शाबूत."

कस्तुरी हसली नाही. सकाळी वीज गेली आणि चार तास खपून संगणकावर काढलेला तिचा मोर नाहीसा झाला होता. पैठणीच्या पदरासाठी तिनं स्वतः रचलेली ती पहिलीच नक्षी. विणकर बजावून गेला होता, "संध्याकाळपर्यंत नक्षीचा चौकटीवरचा ग्राफ आला नाही, तर मागावर आपलं जुनं कमळच घेतो."

"मधे सेव्ह केलं नव्हतंस?"

"पूर्ण झाल्यावर करणार होते, तात्या."

"वा. म्हणजे जेवण झाल्यावर ताट मांडणार."

वीज आली. कस्तुरीनं पुन्हा पहिल्या पिसापासून आरंभ केला. तात्यांनी मात्र स्टूल उचललं, भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाखाली मांडलं आणि एका बटणावर बोट ठेवून बसले.

"हे काय, तात्या?"

"काही नाही. बोटाला अधूनमधून खाज सुटते."

कस्तुरीनं एकदा बोटाकडं पाहिलं, एकदा पडद्याकडं. पीस झालं की सेव्ह, तुरा झाला की सेव्ह, चोचीची नुसती कड वळली तरी सेव्ह. आपल्या बोटाचा हा पराक्रम पाहून तात्या मनातल्या मनात फुलत होते. चहासुद्धा त्यांनी डाव्या हातानं घेतला.

दिवेलागणीला विणकर आला. कागदावर छापलेला ग्राफ उलगडून बराच वेळ पाहत राहिला. "उद्या हाच मागावर घेतो," एवढंच म्हणाला आणि गुंडाळी काखेत मारून निघून गेला. कस्तुरीची मान ताठ झाली. तात्यांची त्याहून ताठ.

ते म्हणाले, "पोरी, विजेचं तुझ्या मोराशी वैर नाही, अन् मायाही नाही. जाताना ती कुणाला विचारत नाही. मी निदान समोर बसलो होतो. उद्या मी नसेन, तेव्हा हे बोट इथंच आहे असं धरून चालत जा. भयानं का होईना, आज मोर वाचला."

कस्तुरीनं शांतपणे संगणक बंद केला.

"तात्या, गेल्या आठवड्यात वायरमननं बोर्ड बदलला. तुम्ही दिवसभर धरून बसलात ते अंगणातल्या पाण्याच्या मोटारीचं बटण. दुसऱ्या पिसालाच माझ्या लक्षात आलं होतं. त्यापुढची सगळी पिसं मी मोरासाठी सेव्ह केली."